ठिगळाची गिटार

आमच्या वाशीच्या फ्लॅटचे दरवाजे फुगले नसते तर हिराजीकाका आमच्या घरात आले नसते, आणि मला स्वतःबद्दल जे कळलं ते कधी कळलं नसतं. मी आपली बऱ्यापैकी समाधानात म्हातारी झाले असते. पण खाडीच्या दमट हवेनं नव्या कोऱ्या बिल्डिंगमधला एकूण एक दरवाजा फुगला. बाथरूमचं दार लागेना, स्वयंपाकघराचं लागलं की उघडेना. एकदा आई आत अडकली, तेव्हा बाबांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून खांदे लावले. त्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीनं दिवाळे कोळीवाड्यातून एक मिस्त्री बोलावला. बुटका, रुंद छातीचा, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस. त्यानं दाराला आधी हात लावला नाही. बोटाच्या पेरानं ते वरपासून खालपर्यंत टकटक वाजवत गेला आणि एका जागी थांबून म्हणाला, "हितं पानी पिलाय." तिथे रंधा मारला आणि दार लागलं.

गिरगावातल्या दोन खोल्यांतून आम्ही इकडे आलो तेव्हा आई नव्या घराच्या प्रत्येक खोलीत एकेकदा बसून बघत होती. बाबा बँकेत होते. त्यांचा शब्द 'मोकळं'. हवा मोकळी, रस्ते मोकळे, गॅलरी मोकळी. दिवसभर कुठेतरी खांब ठोकायचं यंत्र धडधडत असे आणि त्या तालावर आई आमटीला फोडणी घाले. संध्याकाळी खाडीवरून वारा आला की ती लगबगीनं खिडक्या लावून घेई, कारण तिच्या मते त्याला मासळीचा वास होता. तो चिखलाचा वास होता, पण हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नाही. हिराजीकाका एकदा काम आटोपून गॅलरीत उभे राहिले होते. खाली बोट दाखवून म्हणाले, "हितं माज्या मामाचा मिठागर व्हता." बाबा म्हणाले, "अरे वा!" आणि आईला हाक मारून त्यांच्यासाठी चहा मागवला. चहा कान तुटलेल्या कपातून आला. तो कप त्यांच्यासाठीच वेगळा ठेवलेला होता. आम्हाला त्यात काही वाटत नसे, आणि त्यांना काय वाटत असेल हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि गिटारचं वेड डोक्यात भिनलं होतं. आईला मी पेटी शिकावी असं वाटे. "मुलीच्या जातीनं ते पोटाशी धरून काय बसायचं," ती म्हणे. माझ्याकडे प्लायवूडची एक स्वस्तातली गिटार होती. तिची तारा उचलून धरणारी घोडी निघायला आली होती. हिराजीकाकांनी ती बघितली, हातात घेतली, आणि दार वाजवलं होतं तशीच पेरानं वाजवली. मग हसून म्हणाले, "ही त पेटी हाय गो, केली भरायची." दुसऱ्या दिवशी सरस घेऊन आले आणि घोडी बसवून दिली. तेव्हा कळलं की तरुणपणी दहा वर्षं ते मुंबईत धोबीतलावाला एका म्हाताऱ्या गोवेकर कारागिराकडे होते. व्हायोलिनं दुरुस्त करायची आणि गिटारी बनवायच्या. म्हातारा गेला, दुकान बंद झालं, आणि काका परत आपल्या वडिलांच्या धंद्याला, होड्या बांधायला लागले. होड्यांचं काम नसलं की लोकांचे दरवाजे.

आमच्या कॉलेजच्या मुलांचा एक ऑर्केस्ट्रा होता. त्याचा कर्ताधर्ता शिरीष. वडील गल्फमध्ये, अंगावर बाहेरचे शर्ट, बोलण्यात अर्धं इंग्रजी. माझी गिटार ड्रम आणि ट्रम्पेटपुढे ऐकूच येत नसे. शिरीष म्हणाला, "तुला आर्चटॉप पाहिजे. ही बघ." आणि त्यानं एका परदेशी रेकॉर्डचं कव्हर दाखवलं. त्यावरची गिटार सपाट नव्हती. पोटाला उंचवटा होता आणि मधल्या गोल भोकाऐवजी दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. ते चित्र मी कागदावर उतरवून हिराजीकाकांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "पोटाची गिटार," ते म्हणाले. "मी बनवल्यात तसल्या. धा-बारा बनवल्यात. तुला बनवू?" बाबांनी दिवाळीचा बोनस त्यासाठी बाजूला ठेवला. आईनं तोंड वाकडं केलं, पण ती म्हणाली, "मिस्त्री माणूस सरळ आहे, फसवणार नाही." आमच्या घरात ते मिस्त्री होते.

त्यांच्या घरात मात्र ते काका होते. सहा महिने मी जवळजवळ दर रविवारी बसनं दिवाळ्याला जात होते. कारण एकदा माप घेऊन गिटार बनत नाही, असं ते म्हणत. माझा पंजा, माझा अंगठा, बसल्यावर माझी मांडी किती उंच येते, सगळं ते पुन्हा पुन्हा बघत. अंगणात अर्धी बांधलेली होडी आणि पडवीत माझी गिटार, दोन्ही कामं शेजारी शेजारी. मुंबईच्या दारूखाना बंदरात कुठलं तरी जुनं परदेशी जहाज तोडलं होतं, त्याच्या डेकची जाड पांढरट फळी काकांनी कधीची जपून ठेवली होती. तिच्यातून ते गिटारीची छाती, म्हणजे पुढची बाजू, कोरत. सपाट फळी वाकवायची नाही, जाड फळीतून उंचवटा कोरून काढायचा. थोडं पटाशीनं काढायचं, फळी कानाशी धरून पेरानं वाजवायची, परत थोडं काढायचं. पाठ फणसाच्या लाकडाची, हळदीसारखी पिवळी. काका म्हणत, ती वर्षागणिक काळी पडत जाईल, माणसासारखी. त्यांची बायको येसूबाय तांदळाची भाकरी थापता थापता ओरडे, "आता किती वाजवशील? तिला दुखंल ना!" मग ती मला भाकरीबरोबर तळलेला बोंबील वाढी. आमच्या घरात कांदासुद्धा चार महिने बंद असे. मी पोटभर खायचे, परत निघताना तोंडात बडीशेप टाकायचे आणि आईला सांगायचे की मिस्त्रींकडे पाण्याशिवाय काही घेतलं नाही. हे खोटं मला तेव्हा फार छोटं वाटे.

काकांची एक पद्धत होती, गोवेकर म्हाताऱ्याची. एका फळीच्या दोन गिटारी करायच्या, आणि ज्याला घ्यायची त्यानं डोळे बांधून निवडायची. उरलेली मुंबईत वाद्यांच्या दुसऱ्या एका दुकानात विकायला जायची. शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा पडवी सारवलेली होती, येसूबायनं चांगलं लुगडं नेसलं होतं. काकांनी धुतलेल्या पंचानं माझे डोळे बांधले. "कानानी बग," म्हणाले. आधी एक गिटार मांडीवर दिली, मग दुसरी. तीच धून दोन्हींवर वाजवायची. दुसरीचा आवाज गोड होता, पण बोट काढलं की लगेच बसत होता. पहिलीचा आवाज बोट काढल्यावरही माझ्या छातीच्या हाडात थोडा वेळ राहत होता. मी म्हटलं, "ही." काकांनी मध्येच त्यांची अदलाबदल करून परत दिल्या. परत मी तीच उचलली. तिसऱ्यांदाही तीच. मला येसूबायचं हसू ऐकू आलं. काका म्हणाले, "सोर पंचा."

मी पंचा सोडला आणि मांडीवरच्या गिटारीकडे बघितलं. तिच्या पांढऱ्या छातीवर, खालच्या बाजूला, भोकाजवळ, एक तुकडा बसवलेला होता. बदामाच्या आकाराचा, काळपट, जुन्या सागवानाचा. सांधा इतका सफाईदार की नखाला लागत नव्हता, पण दिसत मात्र लांबून होता. बाजूला दुसरी गिटार होती, डाग ना ओरखडा, आरशासारखी. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती शिरीषचा चेहरा. तो म्हणेल, सेकंडहँड उचललीस की काय.

"काका," मी म्हटलं, "हिला ठिगळ आहे."

येसूबाय दारात उभी होती. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त त्याला आता काही कारण उरलं नव्हतं.

"म्हणजे छानच आहे ही. पण ती दुसरी दिली तर चालेल का? आवाजात तसा काही फरक नाहीये."

"फरक नाय?" काकांनी विचारलं.

तीन वेळा डोळे बांधून मी तो फरक ओळखला होता. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "नाही."

त्यांनी दुसरी गिटार उचलली, मऊ फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "तुज्या कानानी ती घेतली, डोल्यांनी ही घेतली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "वापरनार तू हायस. डोल्यांची ने." त्या दिवशी येसूबायनं मला जेवायला थांब म्हटलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावर मला जाणवलं की आज बडीशेपेची गरज नाही.

ती गिटार आजही माझ्याकडे आहे. फणसाची पाठ काका म्हणाले होते तशी काळी पडली. तिच्या माथ्यावर काकांनी जागा कोरी ठेवली होती. त्या जागेवर मी एका परदेशी कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांनी चिकटवलं. अक्षरं मी पुढे नखानं खरवडून काढली, पण तोवर भोवतालचं लाकूड गडद झालं होतं आणि अक्षरांखालचं फिकट राहिलं होतं. ते नाव अजून वाचता येतं. किती पॉलिश केलं तरी जात नाही, आणि आता मी पॉलिश करायचं सोडून दिलं आहे.

ऑर्केस्ट्रात मी सांगितलं की मामानं मस्कतहून आणली. मला मस्कतला मामा नव्हता. मामा चिपळूणला मास्तर होता. पण एकदा सांगितलं की ते आपोआप वाढत जातं, तसं मामाचं विमान आलं, कस्टमवाल्यांनी पेटी उघडायला लावली, सगळं आलं. शिरीष इतका खूश झाला की त्यानं मला पुढच्या रांगेत बसवलं. आमची तालीम आमच्याच बिल्डिंगखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी चाले. आणि एका रविवारी हिराजीकाका आले.

ते यायचेच होते, मीच विसरले होते. या जातीच्या गिटारीची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं बसलेली असते. महिनाभरानं ती सरकते, तेव्हा येऊन बघून जाईन असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धुतलेला सदरा घातला होता. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. खांबाशी उभे राहून त्यांनी आमचं एक गाणं पूर्ण ऐकलं. मान हलवली. मग पुढे आले आणि म्हणाले, "वरची तार करकरते. घोरी सरकली."

"कोण हे?" शिरीषनं मला विचारलं.

"आमच्या बिल्डिंगचे मिस्त्री आहेत," मी म्हटलं. "दरवाजे बघायला येतात."

काकांनी गिटारीकडे हात केला तसा शिरीष ओरडला, "ओ मिस्त्री, जरा संभालके हां! मस्कतहून आलीय ती. मामानं आणलीय हिच्या."

काकांचा हात तिथेच थांबला. त्यांनी गिटारीच्या माथ्यावरची सोनेरी अक्षरं बघितली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, बोला, आता बोलून टाका, म्हणजे मला बोलायला नको. एका वाक्यात ते मला सगळ्यांसमोर उघडं पाडू शकले असते आणि ते न्यायाचंच झालं असतं.

"बाहेरची हाय ना?" ते शिरीषला म्हणाले. "बगूनच समाजला. लाकूर यकदम बाहेरचा हाय." आणि दोन बोटांनी घोडी जरा, अगदी तांदळाएवढी सरकवली. "आता वाजव गो."

मी तार छेडली. करकर गेली होती. शिरीष म्हणाला, "क्या बात है! मिस्त्री, तुम्हाला कळतं वाटतं यातलं?"

"थोरा थोरा."

तेवढ्यात ड्रम वाजवणारा मुलगा नाक मुरडत म्हणाला, "कुठून तरी बोंबलाचा वास येतोय यार." काकांनी खाली ठेवलेला डबा उचलला. "माजा जेवन हाय," ते म्हणाले. "सकालीच निगालो ना घरातना." आणि निघाले. तो डबा येसूबायनं माझ्यासाठी दिला होता. काका कामावर कधी डबा आणत नसत, हे मला ठाऊक होतं. मी जागची उठले नाही. शिरीषनं एक-दोन-तीन म्हटलं आणि मी बरोबर तालावर वाजवायला सुरुवात केली. लाज वाटणारा माणूस ताल चुकतो असं लोकांना वाटतं. मी एकदाही चुकले नाही.

त्यानंतर काका आमच्या बिल्डिंगमध्ये आले नाहीत. स्वयंपाकघराचं दार परत अडकायला लागलं. आई म्हणाली, "मिस्त्रींना काय झालं गं? निरोप धाडला तर कामात आहे म्हणाले." दुसरा सुतार आला, त्यानं दार वाजवून वगैरे न बघता सरळ तासलं, आणि मग ते कधी नीट लागलंच नाही. मी रोज ठरवत होते की जायचं, पाया पडायचं, सांगायचं. काय बोलायचं ती वाक्यंसुद्धा तयार होती. असे कितीतरी रविवार गेले. शेवटी एका रविवारी गेले तेव्हा घराला कडी होती. शेजारची बाई म्हणाली, सगळी बंदरावर गेलीत, आज होरी पान्यात जाते.

अंगणातली ती अर्धी होडी आता पूर्ण झाली होती. रंगवलेली, फुलांच्या माळा घातलेली, भरतीच्या पाण्याशी चिखलात उभी. येसूबाय तिच्या पुढच्या टोकाची पूजा करत होती. हळदकुंकू वाहत होती. मी जवळ गेले आणि तिच्या बोटांकडे बघितलं. ती कुंकू लावत होती ते एका तुकड्याला. बदामाच्या आकाराचा, काळपट, जुन्या सागवानाचा. नव्या पिवळ्या लाकडात बसवलेला. मी तो एकदाच बघितला होता, पण तो मला कुठेही ओळखू आला असता.

"हा काय आहे?" मी विचारलं.

येसूबायनं मान वर केली नाही. "सासऱ्याचे होरीचा तुकरा हाय," ती म्हणाली. "आमच्यात नवे होरीला जुने होरीचा लाकूर बसवतान. म्हंजे नवीला पान्याची वाट गावते. नायतर ती भांबावते."

"आणि गिटारीत?"

"तुज्यासाटीच बसवलेला. ते मना म्हनाले, पोरीचा कान सोन्याचा हाय, ती बरोबर हीच उचलंल." आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तू उचललीस पन. मंग ठेवलीस."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. अजूनही मी स्वतःची बाजूच मांडत होते.

"सांगून देतान का?" येसूबायला खरंच नवल वाटलं. "होरीवाला तुकरा बगतो नि पाया परतो. त्याला कोन सांगतं?" मग तिनं नारळ पुढे ओढला. "तू नेली नायस त त्यानी तो काढला. बापाचा लाकूर, दुकानात कोनालापन कसा द्याचा? ती गिटार हाय माल्यावर, भोक परलेली."

माझ्या ओठांवर आलं होतं की ती मला द्या, भोकासकट द्या. पण मागायला तोंड कुठे होतं? तेवढ्यात काका होडीच्या मागच्या बाजूनं आले. कमरेपर्यंत चिखलात. मला बघून थांबले नाहीत, आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही.

"आयलीस? हात लाव."

सगळा कोळीवाडा होडीला भिडला होता. बाया, पोरं, म्हातारे. मी चपला काढल्या आणि पुढच्या टोकाशी, त्या तुकड्याच्या शेजारी, दोन्ही हात टेकले. काका माझ्या बाजूलाच खांदा लावून होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..."

"जोर लाव गो," ते म्हणाले. "बोलू नको. पानी उतरेल."

मी जोर लावला. होडी आधी चिखलात कण्हली, मग एकदम हलकी झाली आणि माझ्या हाताखालून निघून गेली. काका उडी मारून तिच्यात चढले. लांबून त्यांनी हात केला, पण तो सगळ्यांनाच केला होता. मी तिथे गुडघाभर चिखलात उभी राहिले आणि मला ढसढसा रडू आलं. कोणी विचारलं नाही. होडी पाण्यात जाताना बाया रडतातच.

तशाच पायांनी घरी आले. दार आईनंच उघडलं, दोन धक्के देऊन. माझ्या पायांकडे बघून ती जवळजवळ किंचाळली. "अगं, हे काय? कुठे गेली होतीस?"

तो सगळा रस्ता मी त्यांचं नाव मनात घोळवत आले होते. आईला आज सगळं सांगायचं होतं. बोंबील, डबा, मस्कत, ठिगळ, सगळं. मी तोंड उघडलं.

"मिस्त्रींकडे," मी म्हटलं.

हे प्रकरण लिहिताना मी त्यांना सगळीकडे हिराजीकाका असंच लिहिलं आहे. आमच्या त्या घरात, आईसमोर, मी ते एकदाही म्हटलं नव्हतं.